खोली नंबर सातमधला दगड

९ जानेवारी, गुरुवार

आजपासून मी लीडर. खोली नंबर सात, चॅपेलच्या मागे. दर गुरुवारी साडेचार ते साडेपाच. सहा खुर्च्या, न उघडणारी एक खिडकी. आतला प्लग जळलाय, त्यामुळे चहाची किटली बाहेर पॅसेजमध्ये, दाराला लागून.

कॉलेजात असे नऊ गट आहेत. प्रत्येकात तीन-चार मुलं. एक उतारा वाचायचा, एक मिनिट गप्प बसायचं, मग श्रद्धेबद्दल, शंकेबद्दल, जगण्याबद्दल जे मनात असेल ते बोलायचं. फादरनी नियम तीनच सांगितले. नदीतला एक गुळगुळीत दगड फिरवायचा. ज्याच्या हातात दगड, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, सल्ले द्यायचे नाहीत. आणि खोलीतलं खोलीतच ठेवायचं. हा तिसरा नियम त्यांनी दोनदा सांगितला, दोन्ही वेळा माझ्याकडे बघून. लीडर म्हणून बघितलं असणार.

मला ऐकण्याची देणगी आहे. सायकॉलॉजीचं तिसरं वर्ष उगाच नाही. गेल्या सेमिस्टरचे मार्क हा वेगळा विषय.

संकल्प: गटात कमीत कमी बोलणे. रोज डायरी लिहिणे. डायरी फक्त माझ्यासाठी.

१६ जानेवारी, गुरुवार

(मधले दिवस पेन सापडत नव्हतं.)

मेंबर तीन. हो-ना: माझ्याच वर्गातला, कशालाही हो ना म्हणतो. घड्याळ: दुसऱ्या वर्षाची, मनगटावर आजोबांचं भलंमोठं घड्याळ. आणि मफलर: फार्मसीचं पहिलं वर्ष, बंद खोलीत उकडत असलं तरी गळ्यात तपकिरी मफलर. एक शब्द बोलला नाही. बुजरा आहे. त्याला खुलवायचं माझ्यावर.

दगड आधी मीच घेतला. सुरुवात करून देणं लीडरचं काम. शेवटी घड्याळ म्हणाली, एक्केचाळीस मिनिटं. तिचं घड्याळ पुढे असणार. बाहेर हो-नाला विचारलं, फार लांबलं का? म्हणाला, हो ना. विचारलं, पण उपयोगी होतं की नाही? हो ना. दुसरं उत्तर धरलं.

१७ जानेवारी

ताईची मला कीव येते. हॉस्पिटलात हार्टच्या वॉर्डात नर्स आहे, दिवसभर माणसं मरणाच्या दारात बघते, आणि घरी येऊन एक अक्षर नाही. आज विचारलं, कोण पेशंट होते, काय झालं? म्हणाली, पेशंट मी वॉर्डातच ठेवून येते. माणसाने असं मिटून राहू नये. तिला शेअरिंगचं महत्त्व समजावलं. भांडी विसळता विसळता तिने विचारलं, तुझ्या त्या गटात तू गप्प असतोस का. म्हटलं, असतो. तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली.

२३ जानेवारी, गुरुवार

घसा पार बसला. मिठाच्या गुळण्या करूनही आवाज फुटेना. लीडरने दांडी मारायची नसते म्हणून गेलो. उतारा घड्याळने वाचला. दगड आला तसा मी पुढे दिला, इलाज नव्हता.

आणि मफलर बोलला.

वीस मिनिटं. नजर दगडावर. वडील शिंपी आहेत. नोव्हेंबरात दुकानातच छातीत कळ येऊन पडले. तेव्हापासून याची प्रार्थना बंद. शब्द येतात, म्हणाला, पण पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही. त्याच आठवड्यात वर्गात जाणंही सुटलं. परीक्षेला बसलाच नाही. घरी कुणाला माहीत नाही. सकाळी आठला बॅग घेऊन निघतो आणि चारपर्यंत बस स्टँडच्या वेटिंग हॉलमध्ये बसून राहतो. बॅगेत लॅबचा पांढरा कोट. वडिलांनी स्वतः शिवलेला, बटणं घरातल्याच कुणी लावलेली (कोण ते निसटलं, मला खोकला आला). दुकानात येईल त्याला वडील सांगतात, आमचा मुलगा औषधांचा माणूस होणार. अठरा फेब्रुवारीला त्यांचं ऑपरेशन. तोवर त्यांना कसलाही धक्का नको असं डॉक्टरांनी बजावलंय. बाबा बरे होऊन घरी आले की मी स्वतः सांगणार, म्हणाला. तोवर कुणालाच नाही. फक्त इथे.

घड्याळने एकदाही घड्याळ बघितलं नाही. हो-ना हो ना म्हणाला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गेले दोन आठवडे मी जी शांतता निर्माण केली तिचं हे फळ.

२४ जानेवारी

खोलीतलं खोलीत. मग काल इथे लिहिलं त्याचं काय? विचार केला. डायरी म्हणजे माणूस नव्हे. डायरी हा खोलीचाच एक भाग, फक्त माझ्या बॅगेत असतो. प्रश्न मिटला.

३० जानेवारी, गुरुवार

बातमी. पंधरा फेब्रुवारीला सगळ्या गटांचं संमेलन. मोठा हॉल. पालक, जुने विद्यार्थी, चॅपेलची सगळी मंडळी. प्रत्येक लीडरने पाच मिनिटं बोलायचं: गटाने मला काय दिलं. त्यातूनच पुढच्या वर्षीचा मुख्य संयोजक निवडणार, असं फादरच्या बोलण्यातून जाणवलं.

मला पदाचा सोस नाही. मुख्य संयोजकाला चॅपेलच्या ऑफिसात टेबल मिळतं. टेबलाला कुलपाचा ड्रॉवर आहे. सहज जाऊन बघून आलो.

भीती एकच, चार नंबरच्या गटाचा लीडर, टाय. रविवारीसुद्धा टाय लावतो. त्याच्या गटात म्हणे दर आठवड्याला कुणी ना कुणी रडतं.

३ फेब्रुवारी

भाषणाचा पहिला खर्डा तयार. 'गटाने मला ऐकायला शिकवलं.' आरशासमोर उत्तम झालं. ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात गट कुठे आहे? 'मी' सत्तावन्न वेळा आलाय. मोजले. त्रेपन्न. लोक फार वाढवून सांगतात.

पण एक गोष्ट खरी. भाषणात जीव नाही. एखादं जिवंत उदाहरण हवं.

६ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळी

गट सुटल्यावर मफलरने मला पॅसेजमध्ये किटलीपाशी गाठलं. म्हणाला, दादा, संमेलनात तुम्ही बोलणार आहात ना? म्हटलं, हो. म्हणाला, माझ्याबद्दल काही नाही ना? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, वेडा आहेस का, खोलीतलं खोलीत. त्याने मान डोलावली, पण गेला नाही. मफलरचं टोक बोटाला गुंडाळत आत्याबद्दल काहीतरी सांगू लागला, आत्या तिथे असते की काय असं. नेमकं तेव्हाच मला दुसऱ्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य सुचलं. ते विसरायच्या आत हातावर लिहून घेतलं. मान वर केली तर तो जिन्यावर होता.

वाक्य छान आहे.

११ फेब्रुवारी

नुसता विचार म्हणून: नाव न घेता एखादी गोष्ट सांगितली तर ती खोलीबाहेर गेली असं म्हणता येईल का? गोष्ट जाते, माणूस आतच राहतो. वैद्यकशास्त्रातही 'एक रुग्ण' म्हणतातच की.

फार्मसीचं 'औषधांशी संबंधित शाखा' केलं. शिंप्याचं 'कापडाच्या क्षेत्रातले गृहस्थ' केलं. आता प्रत्यक्ष मफलरलासुद्धा ओळखू येणार नाही. कोटाचं 'पांढरं वस्त्र' करून बघितलं, पण त्याने कफन वाटतं. कोट ठेवला. वडिलांनी हाताने शिवलेला कोट आणि तो बॅगेत घडी करून घेऊन बसलेला मुलगा. हे काढलं तर उरतं काय?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पक्का निर्णय. उदाहरण घेणार नाही. दिलेला शब्द म्हणजे शब्द. खाली सही करतो आहे.

(सही)

मफलर आज पहिल्यांदा हसला. म्हणाला, पाच दिवस राहिले. मला फार बरं वाटलं. त्याच्याकडे बघून मनात म्हटलं, तू निर्धास्त राहा.

१५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ७.४०

संमेलन अकराला. कोटाच्या डाव्या खिशात साधं भाषण. उजव्या खिशात उदाहरणासकट. उजवं फक्त सोबत म्हणून, त्याने धीर येतो.  आई म्हणाली, काहीतरी खाऊन जा. नाही खाल्लं.

दुपारी २.१५

नीट क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. टाय माझ्या आधी बोलला. आजी वारली तेव्हा गटाने त्याला कसं सावरलं ते सांगितलं. पुढच्या दोन रांगा रडल्या. फादरनी चष्मा पुसला. मग माझं नाव पुकारलं. उठलो तेव्हा हात डाव्याच खिशात होता, हे मी शपथेवर सांगतो. माइकपाशी पोचेपर्यंत तो उजव्यात गेला होता.

उदाहरण सुरू केलं आणि हॉल चिडीचूप झाला. इतकी माणसं एवढं लक्ष देऊन माझं ऐकतायत, हे आयुष्यात पहिल्यांदा. बस स्टँडवरच्या बाकाशी आलो तेव्हा कुणीतरी नाक ओढलं. कोटाशी आलो तेव्हा मी स्वतःच दोन सेकंद थांबलो. शेवटी म्हटलं, त्या मुलाने आपलं ओझं फक्त आमच्याकडे ठेवलं आहे. टाळ्या.

लगेच सामुदायिक गाणं होतं. चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई मी बोलत होतो तेवढा वेळ एकटक माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी पहिली ओळ वाजवली आणि हात थांबले. लोकांनी सूर नसताना दोन ओळी ओढल्या आणि तेही थांबले. बाईंनी पर्स उचलली आणि बाजूच्या दाराने निघून गेल्या. मला वाटलं, भारावल्या.

मफलर मागे भिंतीशी उभा होता. मी त्याला हात केला. त्याने केला नाही. गळ्यातला मफलर ओढून काढला आणि तो त्या बाईंच्या मागे धावत गेला.

घाई असेल.

संध्याकाळी ६

हो-नाचा फोन. त्या ऑर्गनवाल्या बाई म्हणजे मफलरची सख्खी आत्या. वडिलांची धाकटी बहीण. कोटाची बटणं तिनेच लावली होती.

मी म्हटलं, पण मी नाव कुठे घेतलं?  शिवाय माझा हेतू चांगला होता, हे तर तू मान्य करशील.

हो-ना म्हणाला, नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मफलरला चौदा फोन. उचलत नाही. चॅपेलमध्ये आज ऑर्गनवर दुसरंच कुणी होतं.

स्वतःला समजावतोय. आत्या म्हणजे समंजस बाई. दोनच दिवसांचा प्रश्न आहे. भावाचं ऑपरेशन तोंडावर असताना ती कशाला बोलेल? मी तिच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो.

नसतो बसलो. हे आता इथे लिहायला हरकत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी

घड्याळ मला शोधत लायब्ररीत आली. बसली नाही. उभ्यानेच सांगितलं. आत्याने वडिलांना काहीच सांगितलं नव्हतं. ती शनिवारी घरी गेली आणि मफलरला आतल्या खोलीत घेऊन दबक्या आवाजात खडसावलं. बाहेरच्या खोलीत वडील पडून होते. मध्ये फक्त पडदा. त्यांनी हाक मारून कोट मागितला. त्याने बॅगेतून काढून दिला. त्यांनी बाह्या उलटून बघितल्या, कॉलर बघितली. एक डाग नाही, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही. कोट कधी अंगात घातलेलाच नाही, हे शिंप्याला कळायला कितीसा वेळ लागतो.  कोटाची पुन्हा घडी घातली. काल दुपारी छातीत दुखायला लागलं, म्हणून हॉस्पिटलात नेलं.

मी विचारलं, आता कसे आहेत? घड्याळ म्हणाली, मला माहीत नाही. मग मनगटाकडे बघितलं आणि गेली.

हॉस्पिटल म्हणजे ताईचंच. वॉर्डही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज ऑपरेशन व्हायचं होतं. पुढे ढकललं, एवढं हो-नाकडून कळलं. कधी होणार, होणार की नाही, त्याला माहीत नाही. कॉलेजला गेलो नाही. ताईची ड्यूटी तीनला संपते. अडीचपासून दाराच्या पायरीवर बसून होतो.  कोपऱ्यावर कुणी वळलं की उठायचो.

चार वीसला आली. विचारलं, ते शिंपी आहेत ना तुमच्या वॉर्डात, कसे आहेत? तिने चपला काढल्या. म्हणाली, पेशंट मी वॉर्डात ठेवून येते. म्हटलं, ताई, एवढं एकच सांग, जिवाला धोका आहे का? ती म्हणाली, नाही सांगणार. मी हात जोडले. आयुष्यात तिच्यापुढे कधी जोडले नव्हते. ती म्हणाली, उद्या त्यांच्या घरच्यांनी मला काही सांगितलं, तर ते इथे तुझ्यापर्यंत येणार नाही, एवढा भरवसा त्यांना नको का?

मग आत नाही गेली. तशीच युनिफॉर्मवर माझ्याजवळ पायरीवर बसली. मी सगळं सांगितलं. डावा खिसा, उजवा खिसा, हातावर लिहिलेलं वाक्य. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. सल्ला दिला नाही. एक्केचाळीस मिनिटं सहज झाली असतील.

मला लाज वाटते. एवढंच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फादरनी बोलावलं. खुलाशाचे चार मुद्दे काढून नेले होते. दुसऱ्याच्या मध्यावर त्यांनी हात पुढे केला आणि दगड मागितला. तो माझ्या खिशातच होता. शनिवारपासून तिथेच होता, उजव्या.

लीडर आता घड्याळ. मुख्य संयोजक टाय. फादरनी विचारलं, गटात राहायचंय का? विचारलं, कोण म्हणून? म्हणाले, खुर्चीत बसणारा एक जण म्हणून.

हो म्हटलं. टाय तसा वाईट नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मफलरला पत्र लिहिलं. अकरा पानं. माझं बालपण, माझा स्वभाव, त्या क्षणाची मनोवस्था, सगळं आलं. वाचून बघितलं. 'मी' मोजले नाहीत. पहिली दहा पानं फाडली. मग अकरावंही. कोऱ्या कागदावर लिहिलं: चूक माझी. तुझं होतं, मी सांगायला नको होतं. घड्याळकडे दिलं.

उत्तर येईल अशी अपेक्षा नाही. दर तासाला फोन बघतोय तो वेळ बघायला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मफलर आला नाही. त्याची खुर्ची कुणी हलवली नाही. चहाचं काम माझ्याकडे. दगड माझ्याकडे आला, मी पुढे दिला. घसा ठणठणीत आहे.

६ मार्च, गुरुवार, संध्याकाळी

गटाआधी घड्याळने मला जिन्यात थांबवलं. म्हणाली, आज तो येतोय. एक अट घातलीये त्याने. दगड त्याच्याकडे गेला की तू खोलीत नसायचं. मी लगेच हो म्हटलं, अगदी मोठ्या मनाने. मग वडिलांचं विचारलं. ती म्हणाली, ते तो सांगेल. आम्हाला.

तो आला. गळ्यात मफलर नव्हता. माझ्याकडे बघितलं नाही, खुर्चीच्या पाठीवर पांढरा कोट अडकवला आणि बसला. उतारा वाचला, एक मिनिट झालं, हो-नाने दगड त्याच्या हातात दिला. मी उठलो. म्हटलं, चहा ठेवतो.

बाहेर किटली लावली. दारापाशीच उभा राहिलो. त्यात माझा काही दोष नाही, प्लगच दाराला लागून आहे. वायर हातभर.  मग आतून त्याचा आवाज. हळू, पण दार पातळ आहे. म्हणाला, बाबांनी शुद्धीवर आल्यावर.

पुढचा शब्द ऐकायला मी कान टेकवला होता. म्हणजे पार लाकडाला.

प्लग काढला. किटली उचलली आणि पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो. तिथे प्लग नाही. ऐकूही येत नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही, घड्याळ आत होती. एकदा आतून हसल्यासारखं वाटलं. रडणंही असू शकतं, लांबून सारखंच वाटतं.

हाक आली तेव्हा आत जाऊन चहा दिला. पाणी जेमतेम कोमट झालं होतं. घड्याळने एक घोट घेऊन विचारलं, हे काय? म्हटलं, लाइट गेली होती. डोक्यावर दोन्ही ट्यूब चालू होत्या.  मफलरने कप संपवला.

कप गोळा करताना त्याच्या कोटाची बाही दिसली. मनगटापाशी निळा डाग होता. लॅबमधला, ताजा.

वडिलांचं काय झालं ते मला माहीत नाही. चौघांत मला एकट्यालाच. ताई आत्ताच आली, स्वयंपाकघरात आहे. विचारणार नाही.